संकल्प कसा धरावा: विहारात नव्याने येणाऱ्यांसाठी

रविवारी वंदना संपली की चपला घालता घालता नवीन माणूस हमखास विचारतो. आवाज जरा खाली आणून. "ताई, इथं मागायचं कसं?"

कराडच्या आमच्या विहारात मी काही वर्षं नव्या मंडळींबरोबर बसते आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात काहीतरी ठरलेलं असतं. मुलाची भरती, मुलीचं लग्न, घरातलं आजारपण. दुसऱ्या तऱ्हेचा नवखाही येतो. तो इगतपुरीला किंवा कोल्हापूरजवळ आळत्याला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेला असतो आणि सांगतो, "इच्छा म्हणजेच तृष्णा. मी आता काही इच्छितच नाही." तो तीन आठवडे नेमाने बसतो, मग दिसेनासा होतो. काही इच्छायचंच नाही म्हटल्यावर पहाटे उठायला तरी कारण काय उरणार?

पहिल्याकडे मागणं फार आणि दुसऱ्याकडे काहीच नाही. दोघांना शिकायची गोष्ट एकच, ती म्हणजे संकल्प.

१. नवस घरी ठेवून या

नवस हा व्यवहार असतो. पोराला नोकरी लागली की पाच नारळ, लग्न जमलं की खंडोबाच्या पालीला जाऊन भंडारा उधळायचा. आपल्या आज्या-पणज्यांनी तेच केलं, त्यांना नावं ठेवत बसू नका. त्यांच्याकडे आधाराला दुसरं होतं काय? पण तोच व्यवहार बुद्धमूर्तीपुढे मांडला की समोर घेणारा कोणी नसतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचल्यात तर हे वेगळं सांगावं लागणार नाही.

बुद्धांनी अनाथपिंडिकाला ही गोष्ट अगदी सरळ सांगितली होती. दीर्घ आयुष्य, रूप, सुख, यश, स्वर्ग या पाच गोष्टी सगळ्यांना हव्या असतात. पण त्या याचनेने मिळतात असं मी म्हणत नाही. तशा मिळत असत्या, तर जगात कोणाला काय कमी पडलं असतं? ज्याला आयुष्य हवं, त्याने आयुष्याकडे नेणारी वाट चालावी. अनाथपिंडिक श्रावस्तीचा मोठा व्यापारी होता, त्याला हा हिशेब चटकन कळला असणार.

आता गंमत बघा. आपली वंदना सुरू होते तीच याचनेने. "ओकास, अहं भन्ते, तिसरणेन सह पंचसीलं धम्मं याचामि." याचामि म्हणजे मी मागतो, मागते. काय मागतो? पंचशील. म्हणजे आपल्याच वागण्याला घालायचे पाच नियम. चपला घालताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या तासापूर्वी त्याच माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं असतं, फक्त पाली भाषेत असल्यामुळे ते कानावरून गेलेलं असतं.

२. शब्द कळू द्या

म्हणून दुसरं काम: वंदनेची पुस्तिका घ्या (दहा-वीस रुपयांना मिळते), घरी बसा आणि चार जागी पेन्सिलीने खूण करा.

पहिली खूण "समादियामि"वर. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." जीवहिंसेपासून दूर राहण्याचा शिक्षा-नियम मी स्वीकारतो. इथे कोणी 'हिंसा करू नकोस' अशी आज्ञा केलेली नाही, आणि 'माझ्या हातून कधीच हिंसा होणार नाही' अशी फुशारकीही नाही. सिक्खा म्हणजे शिकणं. शिकणाऱ्याने स्वतःहून उचललेला नियम आहे हा.

पुढच्या तिन्ही खुणा 'संकल्प' या नावाने छापलेल्या गाथांमध्ये. बरेच जण त्या शेवटी शेवटी भरभर म्हणून टाकतात, कारण तोवर पाय आखडलेले असतात. "इमाय धम्मानुधम्म पटिपत्तिया बुद्धं पूजेमि." धम्मानुसार केलेल्या या आचरणाने मी बुद्धांची पूजा करतो. फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती आहेतच, पण खरी पूजा कशाने करायची ते या ओळीत आहे. दुसरी खूण "पटिपत्तिया"वर करा.

मग येतं "मा मे बालसमागमो". याच्यावर एका कॉलेजच्या मुलीने मला विचारलं होतं, "लहान मुलांची संगत नको, असं का म्हणायचं?" पालीत बाल म्हणजे अजाण, मूर्ख; वयाचा संबंध नाही. निर्वाण मिळेपर्यंत मूर्खांची संगत न घडो, सज्जनांची घडो, असा अर्थ. तिसरी खूण इथे. रात्री मोबाइल हातात घेण्यापूर्वीही ही ओळ म्हणायला हरकत नाही.

चौथी खूण माझी सगळ्यात आवडती: "देवो वस्सतु कालेन, सस्ससम्पत्ति होतु च." इथे 'देवो' शब्दाला नवे लोक बिचकतात. आपण देव मानत नाही ना? मानत नाही. पालीत 'देवो वस्सति' म्हणजे साधं 'पाऊस पडतो'. वेळेवर पाऊस पडो, पिकं चांगली येवोत, लोक भरभराटीला येवोत, राजा धार्मिक म्हणजे न्यायाने वागणारा होवो. माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माणसाला या ओळीचा अर्थ समजवावा लागत नाही. त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातलं कोरेगाव तालुक्यातलं वेळू आठवा. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत त्या गावाने पहिला नंबर मिळवला, तो भर उन्हाळ्यात श्रमदानाने चर खणून, बांध घालून. पाऊस पडावा असं त्या लोकांनाही वाटतच होतं. वाटणं आणि कुदळ दोन्ही एकाच माणसाच्या ठायी असू शकतात, आणि संकल्प म्हणजे माझ्या मते एवढंच.

३. वाफसा येऊ द्या

ओल्या चिखलात कोणी पेरत नाही, आणि कोरड्या ढेकळातही नाही. रान वाफशावर यावं लागतं. संकल्पाचंही तसंच. भांडून आल्या आल्या, किंवा कोणाचं भाषण ऐकून छाती भरून आलेली असताना धरलेला संकल्प चिखलातली पेरणी असते, आठवड्यात कुजतो.

त्यामुळे आधी बसा. मांडी घाला, जमत नसेल तर खुर्चीवर बसा. पाठ ताठ, डोळे मिटलेले, लक्ष नाकपुड्यांशी, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर. हे आनापान. श्वास लांब करू नका, रोखू नका, मनात कुठला शब्द जोडू नका. मन भटकलं की परत आणा. पंधरा मिनिटं पुरेत. मन शांत झालं का, हे तपासत बसू नका. फक्त मघाची घाई थोडी ओसरली, असं जाणवलं की वाफसा आला समजा.

४. वाक्य बांधा

इथे बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा थांबू या.

संकल्पाचं वाक्य स्वतःच्या हातातल्या गोष्टीचं हवं. एक एस.टी. कंडक्टर आमच्याकडे येत असत. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "माझा राग जावो." मी विचारलं, राग नेमका कधी येतो? म्हणाले, सुट्ट्या पैशांवरून. मग त्यांनी वाक्य बदललं: "पुढच्या पौर्णिमेपर्यंत सुट्ट्या पैशांवरून कोणाशीही आवाज चढवणार नाही." महिनाभर त्यांना धरायला काहीतरी ठोस मिळालं. राग गेला का? विचारू नका. गर्दीच्या वेळी स्वारगेट गाडीत कोणाचा जातो!

स्पर्धा परीक्षा देणारी मुलं "पास होऊ दे" म्हणतात. पास करणं आयोगाच्या हातात. "रोज पहाटे अभ्यासाआधी वीस मिनिटं बसेन, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशीही बसेन," हे तुमच्या हातात. दुसरा अर्धा भाग मुद्दाम घातलाय. तो नसेल तर वीस मिनिटांचं बसणंही नवसच होतं, फक्त नारळाच्या जागी श्वास. आमच्याकडची काही मुलं असे संकल्प ७ नोव्हेंबरला धरतात. १९०० साली त्या तारखेला छोट्या भीमाचं नाव साताऱ्याच्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झालं होतं.

वाक्य तयार झालं की अष्टांगिक मार्गातल्या सम्मासंकप्पोवर, म्हणजे सम्यक संकल्पावर, घासून बघा. त्याचे तीन भाग: नेक्खम्म म्हणजे हव्यास सैल करणं, अब्यापाद म्हणजे द्वेष नसणं, अविहिंसा म्हणजे कोणाला इजा न करणं. "भावकीतल्या सगळ्यांना दाखवून देईन एवढं ध्यान करीन" असं वाक्य मी खरंच ऐकलंय. ते दुसऱ्या भागात अडकतं.

आणि वाट बरोबर आहे का, हेही बघा. आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय, प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे. बुद्धवचन नेमकं उलट सांगतं. मज्झिम निकाय या पाली ग्रंथात भूमिज नावाच्या भिक्खूला राजपुत्र जयसेन विचारतो की, मनात इच्छा धरून साधना केली तर फळ मिळतं, की न धरता केली तर? बुद्धांचं उत्तर असं: घाण्यात वाळू घालून, पाणी शिंपडून रगडत राहिलात, तर तेलाची इच्छा धरा नाहीतर धरू नका, तेल निघणार नाही. गाईचं शिंग पिळून दूध निघणार नाही. आणि घाण्यात तीळ असतील, तर इच्छा धरली काय, न धरली काय, तेल निघणारच. नवसवाला आणि इच्छाच नको म्हणणारा, दोघांचंही उत्तर त्या एका घाण्यात आहे. आधी घाण्यात काय घातलंय ते बघा.

वाक्य छोटं ठेवा, मुदत एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत. आयुष्यभराचे संकल्प पहिल्या वर्षी नकोत.

५. मूर्तीपुढे

बसण्यानंतर, वंदनेच्या शेवटी, पंचांग प्रणाम करून (दोन गुडघे, दोन हात आणि कपाळ जमिनीला टेकवून) मनात किंवा हळू आवाजात तीनदा म्हणा. शरण जाताना दुतियम्पि, ततियम्पि (दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा) म्हणतो तसं. फूल वाहा. फुलाच्या गाथेतच पुढे आहे, "पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल कोमेजतं तसा हा देहही नाशाकडे जातो. मुदत कमी आहे, एवढं फुलाकडून समजलं तरी बास. संकल्प चारचौघांत सांगत सुटू नका, स्टेटसला तर मुळीच ठेवू नका. एका कल्याणमित्राला, म्हणजे या वाटेवरच्या चांगल्या सोबत्याला, सांगा, जो पौर्णिमेला विचारेल.

६. अधिष्ठान म्हणजे हट्ट नव्हे

विपश्यना शिबिरात चौथ्या दिवसापासून दिवसातून तीनदा तासभर अधिष्ठानाने बसवतात. हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. अधिट्ठान ही दहा पारमितांपैकी, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांपैकी, एक. घरी सुरुवात दहा मिनिटांनी करा. दहा मिनिटं मी हलणार नाही. खाज सुटेल, गुडघा बोलेल, कुकरची शिट्टी होईल. खाज कशी वाढते आणि आपोआप कशी ओसरते, ते नुसतं बघा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर मात्र अधिष्ठान खुर्चीवरच करा. आमच्याकडच्या एका काकांनी हट्टाने मांडी सोडली नाही आणि पुढचे पंधरा दिवस ते जिना चढू शकले नाहीत. त्यांना वाटलं साधना झाली.

७. मोडला तर

मोडणारच. माझं सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा मी संकल्प धरला होता की त्यांच्याशी कडवट बोलणार नाही. चौथ्याच दिवशी रात्री दोनला चादर बदलताना तोंडातून गेलंच. सकाळी मी ठरवलं, आता पौर्णिमेला नव्याने धरीन. मधले अकरा दिवस मला बोलायला मोकळीकच मिळाली, आणि मी ती भरपूर वापरली. तेव्हापासून नियम: मोडल्याचं लक्षात आलं की तिथंच, त्याच श्वासाला परत धरायचा. पौर्णिमेची वाट बघायची नाही. पंचशील आपण आयुष्यात एकदाच घेत नाही, दर आठवड्याला घेतो. ते का, हे मला त्या आजारपणात कळलं.

मोजदाद किती ठेवायची? वहीत फुल्या मारायला मला आवडत नाही. बुद्धांनी सुताराच्या वाकसाची (लाकूड तासायच्या हत्याराची) मूठ सांगितली आहे. मुठीवर बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. पण आज किती झिजली, काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. घरातलं जुनं खुरपं काढून त्याची मूठ बघा.

८. इच्छा संपते कुठे

आता दुसऱ्या तऱ्हेच्या नवख्यासाठी, इच्छा म्हणजेच तृष्णा म्हणणाऱ्यासाठी. पालीत इच्छेला एकच शब्द नाही. तण्हा म्हणजे तहान, जी पाणी प्याल्यावरही राहते. छन्द म्हणजे काही करावंसं वाटणं; तो वाईटाकडेही नेतो, चांगल्याकडेही. पत्थना म्हणजे मनात धरलेली आकांक्षा.

कोसंबीला उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांचे शिष्य आनंद यांना हेच विचारलं होतं. छन्द सोडण्यासाठी छन्दच वापरायचा म्हणता, मग याला अंत कुठे? आनंदांनी उलट विचारलं, तू या विहारात येण्यापूर्वी यावंसं वाटत होतं ना? होतं. आणि आल्यावर? ते वाटणं शमलं.

मी नव्या लोकांना यासाठी आगाशिवला नेते. जखिणवाडीच्या डोंगरात साठाहून जास्त लेणी आहेत, बहुतेक साधी, फारसं कोरीव काम नसलेली. चढताना सगळे विचारत असतात, किती राहिलं, किती राहिलं. लेण्यात पोहोचून गार दगडावर टेकलं की कोणीही 'लेण्यात जायचंय' असं म्हणत नाही. इच्छेला कोणी हाकललं नाही, तिचं काम झालं. पण खाली गाडीतळावरच ती सोडून दिली असती, तर चढला कोण असता?

ज्या सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशात, वाकसाची मूठ आहे, त्यातच कोंबडीही आहे. खुडूक कोंबडी अंड्यांवर नीट बसली, तर पिल्लं बाहेर यावीत असं तिला वाटो न वाटो, ती टरफल फोडून येतातच. घरी कोंबड्या पाळल्या असतील त्यांना हे माहीत आहे. दर तासाला अंडं उचलून उजेडात धरणाऱ्या पोरांना आपण काय म्हणतो, तेही माहीत आहे.

९. शेवटी वाटून टाका

बैठक संपताना "सब्बे सत्ता सुखी होन्तु" म्हणून मैत्री भावना करा आणि पुण्यानुमोदन करा: आज जे काही चांगलं घडलं, त्यात सगळ्यांचा वाटा. ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर "करहकट" नगराचं दान कोरलेलं आहे, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. करहकट म्हणजे आपलं कराड, असं अभ्यासक मानतात. दान एका माणसाच्या नावाचं नाही, अख्ख्या निगमाचं, म्हणजे नगराचं. कोणाचा किती वाटा, ते दगडावर लिहिलेलं नाही.

मग भंते, म्हणजे भिक्खू, आशीर्वाद गाथा म्हणतात: "इच्छितं पत्थितं तुय्हं, खिप्पमेव समिज्झतु, सब्बे पूरेन्तु चित्तसंकप्पा, चन्दो पन्नरसो यथा." तुझं इच्छिलेलं, आकांक्षिलेलं लवकर सिद्धीस जावो, चित्तातले सगळे संकल्प पंधराव्या दिवसाच्या चंद्रासारखे भरून येवोत. चाणाक्ष माणूस इथे मला पकडतो: मागून मिळत नाही म्हणालात, आणि हे काय? मी त्याला चंद्राकडे बोट दाखवते. तो अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण होत नाही, रोज एक एक कलेने भरतो. आणि हा आशीर्वाद तोवर तुम्ही काय इच्छायला शिकलात, त्यावर अवलंबून आहे.

पहिल्यांदा येताना पांढरे कपडे असले तर घाला, सक्ती नाही. फुलं दारात मिळत नाहीत, घरची चार आणलीत तर बरं. वंदनेची पुस्तिका पेन्सिलीच्या खुणांसकट आणा. मोबाइल बंद. पौर्णिमेच्या संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा अर्धा तास आधी या. खुर्ची लागणार असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा; आमच्याकडे चारच आहेत, आणि त्यातली एक आता काकांची ठरलेली आहे.